कॉलेज सॉफ्टबॉल प्रोग्राम: कोचिंग स्टाफ, पैसा आणि अभ्यास हे आधी कसं तपासायचं?

फाऊलटिप

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या कॉलेज सॉफ्टबॉलबद्दल नेमकी माहिती हवी आहे. मुलगी हायस्कूलच्या ज्युनियर इयरला (अकरावीत) आहे, पिचर आहे आणि तिला मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचं आहे. सध्या दोन पर्याय समोर आहेत. पहिला मिडवेस्टमधल्या सरकारी विद्यापीठाचा, डिव्हिजन १ (एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेचा सगळ्यात वरचा गट). तिथल्या कोचनी वर्षाला १८,००० डॉलरची तोंडी ऑफर दिली आहे. तिथला एकूण वार्षिक खर्च साधारण ५२,००० आहे. दुसरं खासगी कॉलेज, डिव्हिजन ३. तिथे खेळासाठी पैसे नाहीत, पण गुणांवर २४,००० ची मेरिट स्कॉलरशिप मिळेल असं दिसतंय.

कॅम्पस भेटीत सगळं छानच दाखवतात. त्याआधी घरबसल्या स्टाफ, बजेट आणि अभ्यासाची बाजू कशी तपासायची? कोणते आकडे बघायचे आणि त्यांत कुठे फसायला होतं? आणखी एक, मुलगी एच-४ व्हिसावर (पालकांच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेला) आहे. त्याने काही फरक पडतो का?

---

ताळेबंद

पैशापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोन गोष्टी बऱ्याचशा त्यावरच ठरतात.

१८,००० ही रक्कम ठरलेली आहे की खर्चाची टक्केवारी, आणि करार एक वर्षाचा की चार वर्षांचा, हे दोन्ही लेखी विचारा. खर्च दर वर्षी ४ टक्के वाढला असं धरलं तर ५२,००० चे चौथ्या वर्षी साधारण ५८,५०० होतात. चार वर्षांचा एकूण खर्च सुमारे २,२०,८०० डॉलर. त्यातून ७२,००० वजा केले की घरातून १,४८,८०० जातात. एक वर्षाचा करार असेल तर नूतनीकरण होणार की नाही हे शाळेला (म्हणजे कॉलेजला) १ जुलैपर्यंत लेखी कळवावं लागतं. १ जुलैला नकार हातात आला तर दुसरं कॉलेज शोधायला वेळ फारच कमी उरतो. म्हणून चार वर्षांच्या करारासाठी आग्रह धरा, रक्कम थोडी कमी झाली तरी चालेल.

दुसरं, 'स्कॉलरशिपवरची मर्यादा उठली' हे वाक्य सगळीकडे ऐकू येईल. ते खरं आहे, पण अर्धवट. कॉलेज खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या हाऊस खटल्यातली तडजोड जून २०२५ मध्ये मंजूर झाली. ती स्वीकारणाऱ्या शाळांना सॉफ्टबॉलमध्ये २५ जणींची रोस्टर (संघाची यादी) मर्यादा आहे आणि त्या २५ पैकी कितीही जणींना पूर्ण स्कॉलरशिप देता येते. न स्वीकारणाऱ्या शाळांना जुनी १२ पूर्ण स्कॉलरशिपची मर्यादा कायम आहे. 'देता येते' आणि 'देतात' यांत मोठं अंतर आहे. मधल्या फळीतल्या कित्येक शाळा जुन्या १२ सुद्धा भरत नव्हत्या. कोचना सरळ विचारा: यंदा एकूण किती पूर्ण स्कॉलरशिपइतके पैसे आहेत आणि ते किती जणींत वाटले आहेत? साडेसहा स्कॉलरशिप २२ जणींत, म्हणजे सरासरी ३० टक्क्यांच्या आत. तुमची ऑफर साधारण ३५ टक्क्यांची आहे. अशा संघात ती चांगली म्हणायची, बारा भरणाऱ्या संघात बेताची.

टेक्सास टेकची पिचर नायजारी कॅनडी हिचा २०२४ मधला दहा लाख डॉलरांवरचा करार किंवा ओक्लाहोमाचं जवळपास ४.८ कोटी डॉलरचं लव्ह्ज फील्ड हे स्टेडियम बघून अंदाज बांधू नका. तडजोडीनुसार खेळाडूंना थेट वाटायच्या पैशाची मर्यादा २०२५-२६ साठी सुमारे २.०५ कोटी डॉलर होती. ती पूर्ण वापरणाऱ्या शाळांतही मोठा वाटा फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे जातो. हा नवा खर्च भागवताना बाकी खेळांच्या प्रवासाला कात्री लागते का, हे बघणं तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचं.

आता घरबसल्या तपासणी. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या 'इक्विटी इन ॲथलेटिक्स' साइटवर प्रत्येक शाळेचा वार्षिक ईएडीए अहवाल असतो, डिव्हिजन ३ चासुद्धा. त्यात सॉफ्टबॉलच्या ओळीत खेळाडूंची संख्या, ऑपरेटिंग खर्च, एकूण खर्च आणि उत्पन्न दिसतं. वाचताना तीन ठिकाणी लोक चुकतात.

उत्पन्न आणि खर्च डॉलर टू डॉलर सारखे दिसले तर संघ स्वतःच्या पायावर उभा आहे असं समजू नका. विद्यापीठाने वरून घातलेले पैसेही उत्पन्नात धरले जातात. दुसरं, कोचच्या पगाराचा आकडा सगळ्या महिला संघांची सरासरी असते, सॉफ्टबॉल कोचचा स्वतंत्र पगार त्यात नसतो. सरकारी विद्यापीठ असल्याने कोचचा करार राज्याच्या माहिती कायद्याखाली मागता येतो. मागा. मुदत, बोनस कशासाठी आहेत, मध्येच सोडलं तर काय, सगळं त्यात असतं. तिसरं, स्कॉलरशिपची रक्कमही महिला-पुरुष अशी एकत्र असते, संघवार नाही.

खरा उपयोगी आकडा ऑपरेटिंग खर्चाचा. प्रवास, हॉटेल, जेवण, गणवेश, साहित्य आणि पंच एवढंच त्यात येतं. तो गेल्या वर्षीच्या वेळापत्रकाशेजारी ठेवा. एका विमानप्रवासाच्या वीकेंडचा ढोबळ हिशेब असा (दर मी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला): २२ खेळाडू आणि ७ स्टाफ मिळून २९ जण. तिकीट ३८० प्रमाणे ११,०२०. खोल्या १७, तीन रात्री, १५० ने ७,६५०. चार दिवस जेवण, माणशी रोज ६० ने ६,९६०. तिथली बस २,५००. बेरीज २८,१३०. उत्तरेकडच्या संघाला फेब्रुवारीत घरच्या मैदानावर बर्फ असतो, त्यामुळे फ्लोरिडा, ॲरिझोना, कॅलिफोर्नियाच्या अशा पाच सहली सहज होतात. म्हणजे १,४०,६५० तिथेच गेले. अहवालात ऑपरेटिंग खर्च १,५०,००० दिसत असेल तर उरलेल्या मोसमाचा प्रवास, बॉल, पंच कशातून भागतात हा प्रश्न उरतो. उत्तर बहुधा देणग्या, नाहीतर रात्रभराचा बसप्रवास असं निघतं. बसप्रवास म्हणजे सोमवारी सकाळी आठचं लेक्चर झोपेत.

बेसबॉलची ओळही बघा. टायटल नाईन (शिक्षणातल्या स्त्री-पुरुष समानतेचा कायदा) प्रत्येक खेळावर सारखा खर्च करा असं म्हणत नाही, तुलना एकूण महिला आणि पुरुष कार्यक्रमांची होते. तरी दर खेळाडूमागचा खर्च बेसबॉलच्या निम्मा असेल तर त्या शाळेत सॉफ्टबॉलला कितपत महत्त्व आहे ते समजतं.

कराबद्दल: स्कॉलरशिपचा ट्युशन, फी आणि सक्तीच्या पुस्तकांकडे जाणारा भाग करमुक्त असतो. राहण्या-जेवणाकडे जाणारा भाग करपात्र.

---

बुलपेन

मुलगी पिचर आहे, तेव्हा स्टाफकडे बारकाईने बघा.

१ जुलै २०२३ पासून डिव्हिजन १ मध्ये स्वयंसेवक कोच हा प्रकार बंद झाला आणि ती जागा पगारी करता येऊ लागली. सॉफ्टबॉलमध्ये हेड कोच अधिक तीन असिस्टंट अशी रचना त्यातून आली. पण जागा मंजूर असणं आणि तिला पुरेसा पगार असणं वेगळं. संघाच्या वेबसाइटवर गेल्या पाच वर्षांच्या स्टाफ याद्या काढा आणि तिसऱ्या असिस्टंटचं नाव दर वर्षी बदलतं का बघा. बदलत असेल तर ती जागा तुटपुंज्या पगाराची आहे, आणि त्या व्यक्तीकडे दिलेलं काम, मग ते पिचिंग असो की कॅचर, दर ऑगस्टला शून्यापासून सुरू होतं.

पिचिंग नेमकं कोणाकडे आहे ते विचारा. हेड कोच स्वतःच पिचिंग बघत असेल तर सराव कसा लागतो ते समजून घ्या. सहा पिचर, एकावेळी दोन लेन, प्रत्येकीला ३५ मिनिटं, म्हणजे पावणेदोन तास. एवढा वेळ हेड कोच बुलपेनमध्ये (पिचरच्या सरावाच्या जागी) उभी राहिली तर बाकी मैदान दुसऱ्याने चालवायला हवं. ते जमत नाही तिथे पिचरना कोणीही न बघता टाकत बसावं लागतं. राइज बॉलचा स्पिन कधी बिघडला, कंबर कधी लवकर बंद व्हायला लागली, हे मग थेट सामन्यात मार पडल्यावर कळतं.

कॅचर मोजा. २५ च्या रोस्टरमध्ये तीन तरी हव्यात, चार असल्या तर उत्तम. दोनच असतील तर त्या बुलपेनमध्ये अडकतात, त्यांचा बॅटिंगचा सराव बुडतो, आणि एक जखमी झाली की पिचरला जाळीत बॉल टाकावे लागतात.

सगळ्यात दुर्लक्षित माणूस म्हणजे ॲथलेटिक ट्रेनर, म्हणजे दुखापती बघणारा. सॉफ्टबॉल आणि बेसबॉल दोन्ही वसंतातले. दोघांना मिळून एकच ट्रेनर असेल तर बेसबॉल घरी आणि सॉफ्टबॉल बाहेर असलेल्या वीकेंडला कोण जातं? 'यजमान संघाचा ट्रेनर बघतो' असं उत्तर आलं तर तुमच्या मुलीच्या खांद्याचा इतिहास माहीत नसलेला माणूस तिला तपासणार. डिव्हिजन १ च्या नियमांप्रमाणे खेळायला परत सोडण्याचा निर्णय वैद्यकीय स्टाफचा असतो, कोचचा नाही. तो निर्णय कोण घेतं ते नावानिशी विचारा.

ऑगस्ट २०२४ पासून डिव्हिजन १ शाळांना खेळातून झालेल्या दुखापतीचा वैद्यकीय खर्च खेळणं संपल्यावरही किमान दोन वर्षं उचलावा लागतो. दुखापतीची नोंद शाळेकडे असणं त्यासाठी महत्त्वाचं, म्हणून 'थोडंसं दुखतंय' हेसुद्धा ट्रेनरकडे नोंदवायची सवय मुलीला लावा.

प्रवासाला किती जणींना नेतात हेही विचारा. रोस्टर २५ आणि प्रवास १९ असेल तर सहा जणी घरी राहतात. फ्रेशमन पिचरचा नंबर त्यात लागणं अगदी शक्य आहे.

---

फाऊलटिप

ताळेबंद, बुलपेन, फार आभार. कोच म्हणाल्या की आठवड्याला २० तासांचीच मर्यादा आहे, त्यामुळे इंजिनिअरिंग जमतं. शिवाय संघाचा एपीआर (अभ्यासातल्या प्रगतीचा गुणांक) ९७० च्या वर आहे. एवढं पुरेसं मानायचं का?

---

क्रेडिट_मोजणी

नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यांत नाही.

२० तासांत काय मोजत नाहीत ते बघा. प्रवास मोजत नाहीत, ट्रेनरकडचे उपचार मोजत नाहीत, स्टडी हॉल मोजत नाहीत. सामन्याचा दिवस कितीही लांबला, दोन सामने झाले तरी तीनच तास धरतात. त्यामुळे तासांपेक्षा बुडणारे दिवस मोजा.

गेल्या वर्षीचं वेळापत्रक उघडा. डिव्हिजन १ ला मोसमात जास्तीत जास्त ५६ सामने खेळता येतात आणि मोसम फेब्रुवारीच्या सुरुवातीला चालू होतो. प्रत्येक बाहेरच्या वीकेंडला निघण्याचा दिवस गुरुवार धरा. फेब्रुवारी-मार्चच्या पाच स्पर्धा म्हणजे दहा दिवस. कॉन्फरन्समधल्या (संघ ज्या गटात खेळतो त्यातल्या) बाहेरच्या चार मालिका, शुक्रवार ते रविवार, म्हणजे आणखी आठ. मे महिन्यातली कॉन्फरन्स स्पर्धा चार दिवस, आणि ती बऱ्याच ठिकाणी अंतिम परीक्षेच्या आठवड्याला चिकटून येते. झाले बावीस दिवस. सेमिस्टर पंधरा आठवड्यांचं, म्हणजे पंचाहत्तर दिवसांचं. त्यातही गुरुवार-शुक्रवारच पुन्हा पुन्हा बुडतात. शुक्रवारची लॅब असेल तर पंधरापैकी नऊ बुडणार. कुठलाही प्राध्यापक नऊ लॅब भरून देऊ शकत नाही, त्याची इच्छा असली तरी.

म्हणून मेकॅनिकलच्या विभागाचं गेल्या दोन वर्षांचं स्प्रिंगचं वेळापत्रक काढा. सार्वजनिक असतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या लॅबना सोमवार-मंगळवारचा सेक्शन आहे का? खेळाडूंना आधी नोंदणी करू देतात का? काही विषय फक्त स्प्रिंगलाच शिकवतात का? इंजिनिअरिंगमध्ये कॅल्क्युलस, स्टॅटिक्स, डायनॅमिक्स अशी साखळी असते. मधली एक कडी स्प्रिंगला सुटली आणि तो विषय पुन्हा पुढच्या स्प्रिंगलाच असला, तर पूर्ण वर्ष मागे.

आता पात्रतेचे नियम. डिव्हिजन १ ला दुसऱ्या वर्षाआधी २४ क्रेडिट, फॉल आणि स्प्रिंग मिळून १८, आणि प्रत्येक टर्मला किमान ६ पास व्हावी लागतात. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीचा ४० टक्के भाग, चौथ्याच्या ६०, पाचव्याच्या ८०. पदवी १२० क्रेडिटची असेल तर ४८, ७२, ९६. इंजिनिअरिंगची १२८ ची असेल तर ४० टक्के म्हणजे ५१.२, प्रत्यक्षात ५२. आणि ती निवडलेल्या पदवीला लागू होणारीच क्रेडिट हवीत.

घसरण नेमकी इथे होते. मुलगी दोन वर्षं दुसऱ्या मेजरला (पदवीच्या मुख्य विषयाला) असते, ६० क्रेडिट झालेली असतात, मग इंजिनिअरिंगकडे वळते. त्यातली ४१ च लागू होतात. जीपीए ३.६ असूनही ती खेळायला अपात्र. उलट्या दिशेने, म्हणजे इंजिनिअरिंगकडून सोप्या मेजरकडे, अडचण सहसा येत नाही, कारण गणित-विज्ञानाची बरीच क्रेडिट ऐच्छिक विषयांत बसतात. त्यामुळे दडपणही त्याच दिशेचं असतं. पहिल्या दिवसापासून इंजिनिअरिंग घोषित करा.

क्रेडिटची वाटणी अशी ठेवा: फॉलला १५-१६, स्प्रिंगला १३-१४, उन्हाळ्यात ६. स्प्रिंगला बरोबर १२ घेऊ नका. पूर्णवेळ म्हणजे १२. एप्रिलमध्ये एक अवघड विषय सोडावा लागला तर ती ९ वर येते आणि त्याच क्षणी सराव आणि सामने दोन्ही बंद. उन्हाळ्याची ट्युशन स्कॉलरशिपमधून मिळते का हे लेखी घ्या. वरच्या वाटणीत उन्हाळा नसेल तर पदवी चार वर्षांत होत नाही, आणि पाचव्या वर्षाची ट्युशन तुमच्या खिशातून.

एपीआर म्हणजे काय: स्कॉलरशिपवरच्या प्रत्येक खेळाडूला टर्मला दोन गुण, एक पात्र राहिल्याचा, एक शाळेत टिकल्याचा. मिळालेले भागिले शक्य, गुणिले हजार. २२ जणी, दोन टर्म, ८८ गुण. चार गेले तर ९५५, सात गेले तर ९२०. चार वर्षांची सरासरी ९३० खाली गेली की मोसमानंतरच्या स्पर्धा बंद. तेव्हा ९७० म्हणजे फार कोणी नापास होत नाही किंवा सोडून जात नाही, इतकंच. कोणतं मेजर घेऊन टिकतात ते त्यात कळत नाही.

---

तिसरा_बेस

वरच्याला जोड देतो, आणि एका बाबतीत थोडं वेगळं मत.

एपीआर अगदीच टाकाऊ नाही. कोच बदलल्यावर तो कसा हलला ते बघा. नवी कोच आली की सहा-सात जणी ट्रान्सफर पोर्टलमध्ये (कॉलेज बदलणाऱ्यांच्या नोंदणीत) जाणं नेहमीचं झालंय. कमी जीपीएने गेलेल्यांचे टिकण्याचे गुण जातात. आकडा घसरला असेल तर कोणत्या वर्षामुळे हे विचारता येतं आणि उत्तर ऐकून बरंच कळतं.

जीएसआर (पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण) मात्र जपून वाचा. तो सहा वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचा आहे, आणि चांगल्या गुणांनी दुसरीकडे गेलेल्या मुली त्यातून वगळल्या जातात. चार तुकड्या मिळून वीस जणी असतील तर एका मुलीमागे पाच टक्के हलतात. ८५ आणि ९० मधला फरक म्हणजे एक मुलगी.

त्यापेक्षा संघाच्या वेबसाइटवरचं रोस्टर वापरा. प्रत्येकीच्या पानावर मेजर लिहिलेलं असतं. गेल्या सहा वर्षांची रोस्टर काढा आणि इंजिनिअरिंगने सुरू केलेल्या प्रत्येकीचं पुढच्या वर्षीचं मेजर ताडून बघा. फ्रेशमनला मेकॅनिकल आणि ज्युनियरला दुसरंच काही, असं दोन-तीनदा दिसलं तर चित्र स्पष्ट आहे. सीनियर इयरपर्यंत मेकॅनिकलच असलेली कोणी दिसली तर ती पिचर होती की बाकावरची, हेही सामन्यांच्या आकडेवारीत दिसतं.

आता डिव्हिजन ३. तिथली २४,००० ची मेरिट खेळाशी बांधलेली नसते, बांधता येतच नाही. मुलीने दुसऱ्या वर्षी सॉफ्टबॉल सोडलं तरी ती चालू राहते. डिव्हिजन १ ची ॲथलेटिक स्कॉलरशिप स्वतःहून संघ सोडला की रद्द करता येते. इंजिनिअरिंगच्या मुलीसाठी हा फरक सहा हजार डॉलरांपेक्षा मोठा आहे, असं माझं ठाम मत. फक्त मेरिट टिकवायला किती जीपीए लागतो ते बघा. ३.० ची अट असेल तर इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष तिथेच जड जातं. आणि तिथे खर्चाचे छुपे भाग विचारा: वसंतातल्या सहलीचे पैसे कोण भरतं, बॅट स्वतःची आणायची का, असिस्टंट कोच पूर्णवेळ आहे की संध्याकाळपुरती येते.

एच-४ बद्दल: स्कॉलरशिप घ्यायला अडचण नाही. पण एच-४ वर काम करायची परवानगी नसते, त्यामुळे एनआयएलचे (खेळाडूचं नाव आणि छबी वापरायचे) जाहिरातीचे करार आणि शाळेकडून थेट मिळणारा वाटा या दोन्हीला इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय हात लावू नका. संघातल्या सगळ्या जणी सही करतायत म्हणून करायची नाही. केंद्र सरकारची विद्यार्थी मदत एच-४ ला मिळत नाही. कॉलेजची स्वतःची मदत मिळू शकते, खासगी कॉलेज त्यासाठी सीएसएस प्रोफाइल (घरच्या आर्थिक स्थितीचा अर्ज) मागतात. इन-स्टेट दर लागतो का, हे त्या त्या राज्याच्या नियमावर. आणि २१ पूर्ण व्हायच्या आत एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) ला बदलावं लागेल, ते कॉलेजच्या ज्युनियर इयरच्या (तिसऱ्या वर्षाच्या) आसपास येईल. त्याची तारीख आत्ताच काढून ठेवा.

---

फाऊलटिप

खूपच मोलाचं आहे हे. कॅम्पस भेटीआधी ईमेल करायचा तर कोणाला आणि काय विचारू? सगळं एकदम कोचना पाठवलं तर उलटतपासणी वाटेल.

---

क्रेडिट_मोजणी

दोन ईमेल करा, आणि दोन्ही मुलीने लिहावेत. कोच तिला घेणार आहेत, आईवडिलांना नाही.

कोचना चारच गोष्टी: करार किती वर्षांचा, रक्कम ठरलेली की टक्केवारी, उन्हाळ्याची ट्युशन धरली आहे का, आणि पिचिंग कोण बघतं. याची उत्तरं कुठल्याही तयारीच्या कोचकडे असतात. नॅशनल लेटर ऑफ इंटेंट (खेळाडू सही करायची तो बांधिलकीचा कागद) ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं, आता शाळेचा लेखी मदत करार हाच कागद. म्हणून त्याचा कोरा नमुनाही मागून घ्या.

दुसरा ईमेल सॉफ्टबॉलकडे नेमलेल्या अकॅडमिक ॲडव्हायझरना. त्यांना म्हणावं, मेकॅनिकलचा आठ सेमिस्टरचा आराखडा द्या, स्प्रिंगमध्ये गुरुवार-शुक्रवारची एकही लॅब न धरता. तो आराखडा आला तर इंजिनिअरिंग विभागाच्या ॲडव्हायझरना दाखवून पडताळा. दोघांच्या कागदात फरक निघाला तर विभागाचा खरा माना, कारण पदवीवर सही त्यांची असते. प्रवासात आलेल्या परीक्षा कोणाच्या देखरेखीखाली होतात हेही त्याच ईमेलमध्ये विचारा. लेखी धोरण असेल तर ते जोडून पाठवतील. नसेल तर फॅकल्टी ॲथलेटिक्स रिप्रेझेंटेटिव्ह नावाचं पद प्रत्येक एनसीएए शाळेत असतं, कॅम्पस भेटीत त्या प्राध्यापकांची वीस मिनिटं मागून घ्या.